हेल्गाबाई तिकडे बघत नसत

दुबईत अल बर्शामधल्या त्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लेकीचे, ईराचे सँडल गायब व्हायला लागले. चोरीला जात नव्हते. शाळेतून आली की ती ते दाराबाहेर काढायची, आणि अर्ध्या तासानं बघावं तर वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून, दाराच्या मुठीला अडकवलेले असायचे. नवऱ्याचे, मंदारचे बूट आणि माझ्या चपला जागच्या जागी, ईराचेच तेवढे उचललेले. दुबईत कुणी चपला चोरत नाही, आणि नेऊन परत आणून देणारा चोर तर मी पुण्यातसुद्धा ऐकला नव्हता. मंदार म्हणाला, "शेजारची जर्मन आजी असणार. त्यांना शिस्त लागते." सहाव्या मजल्यावरच्या चारापैकी तीन बिऱ्हाडं भारतीय, त्यामुळे कॉरिडॉरमध्ये चपलांची रांग असायचीच. मला रागच आला. म्हटलं, आल्या मोठ्या शिस्तीच्या!

एक दिवस पाळत ठेवून मी दार धाडकन उघडलं. समोर एक लहानखुऱ्या बाई उभ्या. कानापर्यंत कापलेले पांढरे केस, बाहेर मे महिना असताना अंगात लोकरीचा स्वेटर आणि हातात ईराचे सँडल. पकडल्या गेल्या तरी गडबडल्या नाहीत. माझ्याकडे नाही, सँडलकडे नाही, वरच्या दिव्याकडे बघत म्हणाल्या,

"तुम्ही इथे लिहून ठेवलंय. एक पुरुष. एक बाई. एक मुलगी, बारा-तेरा वर्षांची. जिन्यावरून जाणारा कुणीही वाचू शकतो."

मी हसले. म्हटलं, "ओ, ही दुबई आहे. इथे बायका कॅफेत पर्स टेबलावर ठेवून हात धुवायला जातात."

"हो," त्या दिव्याला म्हणाल्या, "जिथे भीती नसते तिथेच लोक लिहून ठेवतात." आणि सँडल माझ्या हातात देऊन आपल्या दारात शिरल्या. आतून एक कडी लागली, मग दुसरी, मग साखळी.

त्या हेल्गाबाई. आमचं बोलणं इंग्रजीतून होई, त्यांचं जर्मन वळणाचं आणि माझं डेक्कन जिमखान्याचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, आणि मराठीत लिहिताना 'बाई' आपोआपच लागतं. समोर मात्र मी त्यांना 'ओमा' म्हणे. जर्मनमध्ये आजीला ओमा म्हणतात. ईरा म्हणायला लागली आणि मग सगळी बिल्डिंगच म्हणायला लागली. वय सत्त्याऐंशी. मुलगा युर्गन रुवैसला रिफायनरीत इंजिनिअर. तो आठवडाभर तिकडेच असे, शुक्रवारी संध्याकाळी येई आणि रविवारी परत जाई. जर्मनीत गावी आईचं बघणारं कुणी उरलं नाही म्हणून त्यानं त्यांना इथे आणलं होतं. मधले दिवस त्या एकट्या.

एकट्या म्हणजे आपण समजतो तशा नाहीत. त्या सतत कुणाची तरी वाट बघत असत, आणि ते कुणी चांगलं माणूस नसे. खुर्ची कायम दाराकडे तोंड करून. खुर्चीखाली एक कापडी पिशवी: जाड मोजे, मेणबत्ती, चमचा, साखरेचे खडे आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रं. ड्रॉवरमध्ये पावाच्या वाळलेल्या कडा. बेल वाजली, मग ती दूधवाल्याची का असेना, की पहिलं काम म्हणजे मनगटावरचं घड्याळ काढून कॉफीच्या डब्यात टाकायचं. मगच दार. हॉलमधलं भलं मोठं कपाट त्यांनी सुताराला बोलावून चाकांवर बसवून घेतलं होतं. मी घरी येऊन मंदारला सांगितलंसुद्धा, "स्वच्छता बघ त्यांची! झाडायला कपाट सरकतं." आपल्याला जेवढं कळतं तेवढंच आपण बघतो.

त्यांची सगळ्यांत विचित्र सवय म्हणजे त्या हव्या त्या वस्तूकडे कधी बघत नसत. ओव्हनमध्ये केक असला की खिडकीकडे तोंड करून बसत. युर्गन रविवारी बॅग घेऊन निघाला की त्याचा निरोप भिंतीवरच्या कॅलेंडरला देत. ईराबरोबर लुडो खेळत आणि दर वेळी जिंकत, कारण कुठली सोंगटी हलवणार ते त्यांच्या डोळ्यांवरून कळायचंच नाही. ईरा चिडून म्हणे, "ओमा इज सो स्नीकी!" आणि मग मुद्दाम त्यांच्या डोळ्यांसमोर जाऊन उभी राही. त्या लगेच दुसरीकडे बघत आणि हसत.

ईरा तिथे जाई त्याचं कारण मी. माझं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, देऱ्याला, एका ट्रेडिंग कंपनीत. मेट्रोनं घरी पोचायला सहा वाजत. ईराची बस तीनला येई. शाळेत तिनं जर्मन घेतलं होतं, आणि ओमाच म्हणाल्या, "पाठव माझ्याकडे." मला हायसं वाटलं. तेरा वर्षांची मुलगी रोज तीन तास घरी एकटी, हे मला आतून कुरतडत होतंच. ईरा शाळेतून थेट त्यांच्याकडे जायची. सवयीनं सँडल बाहेर काढायची, आणि ओमा ते लगेच उचलून आत घ्यायच्या. युर्गननं त्यांच्या दाराची जादा किल्ली माझ्याकडे दिली आणि दिवसा आतून कडी-साखळी लावायची नाही असं आईकडून कबूल करून घेतलं. तशीही ईरा आत असली की त्या कडी-साखळी लावतच नसत. "मुलांना घेऊन पळावं लागतं," असं त्याचं कारण त्यांनी दिलं होतं.

ते घड्याळाचं कोडं मी एका शनिवारी विचारलं. युर्गन सामान आणायला गेला होता, ईरा पोहायला. मला वाटलं, आजीबाई एखादी गंमत सांगतील.

त्या सात वर्षांच्या होत्या. वडील लढाईवर. आई, त्या आणि पंधरा वर्षांची थोरली बहीण ट्रूडे. लढाई संपली त्या दिवशी आईनं खिडकीबाहेर पांढरी चादर टांगली आणि म्हणाली, आता बाँब पडणार नाहीत. बाँब पडले नाहीत, शिपाई आले. कोणत्या सैन्याचे, हे हेल्गाबाईंनी मला कधी सांगितलं नाही. नुसतं 'शिपाई'. "आमच्या लोकांनी आधी दुसऱ्यांच्या गावात जाऊन हेच केलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी काय केलं, मला माहीत नाही. विचारायला ते परत आले नाहीत."

शिपायांना आधी घड्याळं हवी असत. ज्याच्याकडे घड्याळ नसे त्याच्याकडून दुसरं काही. मग हुकूम निघाला की प्रत्येक घराच्या दारावर यादी लावायची, आत कोण राहतं, नाव आणि वय. आईनं यादीत दोनच नावं लिहिली. ट्रूडेचं लिहिलंच नाही. ट्रूडे कोठीच्या खोलीत राही आणि कोठीच्या दारापुढे आईनं कपाट ओढून ठेवलं होतं. ट्रूडेच्या तोंडाला आई चुलीतली राख फासून ठेवी, सापडलीच तर म्हातारी दिसावी म्हणून. हाक मारली तरी ओ द्यायची नाही, आईच्या आवाजात मारली तरी नाही, कारण शिपाई आईला धरून हाक मारायला लावत. असे अकरा दिवस गेले.

"बाराव्या दिवशी एक भला शिपाई आला," हेल्गाबाई खिडकीकडे बघत सांगत होत्या. "खरंच भला. त्याला माझ्याएवढी मुलगी असावी. त्यानं मला मांडीवर घेतलं. काळा पाव दिला. मी दोन दिवसांत काही खाल्लं नव्हतं. त्यानं बोटांवर मोजून विचारलं, आई? मी आईकडे बघितलं. बाबा? मी मान हलवली. बहीण?"

मला पुढचं कळलं होतं आणि ऐकायचं नव्हतं.

"मी बोलले नाही. आईनं सांगितलं होतं, बोलायचं नाही. मी बोलले नाही. मी फक्त कपाटाकडे बघितलं."

त्या भल्या शिपायाच्या मागे दोघं होते. त्यांनीही ते बघणं बघितलं. ट्रूडे तीन दिवसांनी परत आली. पुढे ती चाळीस वर्षं जगली, त्या घरातच. वरच्या मजल्यावर काही वर्षं एक अधिकारी राहायला होता, त्याचे बूट डोक्यावर वाजत. तेव्हापासून दोघी बहिणी घरात अनवाणी चालत. "ट्रूडे मला एका शब्दानं कधी बोलली नाही," हेल्गाबाई म्हणाल्या. "माझ्या वाढदिवसाला ती केक करायची. दर वर्षी."

बाहेर लिफ्ट वाजली, त्यांनी घड्याळ काढून डब्यात टाकलं. युर्गन दूध घेऊन आत आला. मी घरी आले आणि ईराचे सँडल उगाचच हातात घेऊन बसले.

त्यानंतर मी ईराला तिथे पाठवणं थांबवायला हवं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. युर्गन सांगत होता की आई अलीकडे विसरते, कधीकधी त्याला वडिलांच्या नावानं हाक मारते. मला दिसत होतं. पण मला सोय हवी होती, आणि ईराला त्या आवडत होत्या. मी ईराला पाठवत राहिले.

रमझानच्या दिवसांत ऑफिस लवकर सुटतं. अशाच एका बुधवारी मी चारच्या सुमाराला मेट्रोतून उतरले, खालच्या दुकानातून कोथिंबीर घेतली आणि बाहेर आले तर आमची अख्खी बिल्डिंग फुटपाथवर. वर अलार्म कोकलत होता. चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीतून काळा धूर निघत होता. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात तेल पेटलं होतं. दोन बंब उभे, हेल्मेट घातलेले लोक आत-बाहेर पळत होते. मी ईराला शोधायला लागले. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद.

वॉचमन रफीकभाई घामाघूम होऊन गर्दी मोजत होता. मी त्याचा दंड धरला. "ईरा कुठेय? ओमा?"

"मॅडम, टेन्शन नको. छठा माला पूरा खाली. फायरवालों के साथ मैं खुद गया था. ओमा का दरवाजा भी ठोका, कोई जवाब नहीं. और बाहर किसी का चप्पल नहीं था. एक भी नहीं!"

ही रफीकभाईची नेहमीची पद्धत. कुरिअर आलं की तो आधी दारापुढच्या चपला बघतो. चपला बाहेर म्हणजे माणूस घरात. आमच्या बिल्डिंगमध्ये ती कधीच चुकली नव्हती. मीही "थँक गॉड" म्हणून गर्दीत वळले, दहा-बारा पावलं गेलेसुद्धा. आणि मग आठवलं. ओमाच्या दारापुढे ईराचे सँडल कधीच नसतात.

एका फायरवाल्यानं मला अडवलं. "नॉट अलाउड, मॅडम. वेट, वेट." मी ओरडून सांगितलं, सिक्स-झीरो-थ्री, माय डॉटर! तो वॉकीटॉकीवर बोलायला लागला. मी थांबले नाही. पार्किंगच्या बाजूच्या जिन्यानं वर धावले. चौथ्या मजल्यावर धूर जिन्यात शिरला होता. ओढणी तोंडावर धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि देवाचं नाव घ्यायलाही श्वास पुरत नव्हता. सहाव्या मजल्यावर पोचले तेव्हा लक्षात आलं, कोथिंबिरीची पिशवी अजून हातातच आहे.

ओमाची किल्ली माझ्या जुडग्यातच होती. दार उघडलं. आत धुराचा वास होता, अलार्मनं कान फुटत होते. हॉलच्या मधोमध खुर्चीत हेल्गाबाई बसल्या होत्या, ताठ, पिशवी मांडीवर घेऊन.

"ईरा कुठेय?"

"मुलगी नाही इथे," त्या म्हणाल्या. "मी एकटी म्हातारी."

"ओमा, मी आहे. ईराची आई. आग लागलीय. चला, यल्ला, ईरा कुठेय?"

"मुलगी नाही. यादीत बघा. मी एकटी."

त्यांनी मला ओळखलं नव्हतं. किंवा ओळखलं होतं आणि मला पुढे घालून कुणीतरी मागे उभं आहे असं त्यांना वाटत होतं. मी बेडरूममध्ये गेले, पलंगाखाली बघितलं, बाथरूम, बाल्कनी, पडद्यांमागे. ईरा! ईरा! ओ नाही. सिंकमध्ये कॉफीचा चोथा सांडला होता. पोरगी इथे नाहीच, खाली आहे, मी मूर्खासारखी वर आले, असंही वाटून गेलं. धूर आता उघड्या दारातून आत येत होता. मी हॉलमध्ये परत आले आणि रडत त्यांच्यापुढे उभी राहिले. माझ्याकडे उपाय उरला नव्हता.

मग मी त्यांच्याकडे बघितलं. नीट, पहिल्यांदाच. त्या दाराकडे बघत होत्या. मग खिडकीकडे. मग छताकडे, माझ्याकडे, पुन्हा दाराकडे. नजर सारखी फिरत होती, पण डावीकडे एका जागेपर्यंत आली की मागे फिरायची. मान तिथे वळतच नव्हती. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. डावीकडे ते कपाट होतं.

मी कपाटाला हात घातला तशी त्यांनी माझं मनगट पकडलं. सत्त्याऐंशी वर्षांच्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. "मी बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "मी तिकडे बघितलं नाही! खरंच नाही!"

"नाही बघितलं," मी म्हटलं. "ओमा, तुम्ही नाही बघितलं."

कपाट अलगद सरकलं. मागे एक दार होतं. कामवालीसाठी काढलेली ती बिनखिडकीची खोली आमच्या फ्लॅटला नव्हती, त्यामुळे मला ठाऊकच नव्हती. आत माझी ईरा कोपऱ्यात उकिडवी बसली होती. पायांत सँडल, तोंडभर कॉफीचा ओला चोथा फासलेला, त्यातून डोळे तेवढे पांढरे. मी तिला छातीशी धरलं आणि मगच हलवलं. "ओ का दिली नाहीस? मी हाका मारत होते!"

"ओमा सेड दे मेक द मदर्स कॉल," ती दात वाजवत म्हणाली. "दे वेअर बँगिंग, आई. मेन वेअर बँगिंग ऑन द डोअर."

तेवढ्यात उघड्या दारातून एक फायरवाला आत आला. पायांत जाड बूट, हेल्मेट, तोंडावर मास्क. हेल्गाबाई खुर्चीतून उठल्या आणि ईराच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. आयुष्यभर जे लपवलं ते त्या दिवशी डब्यात गेलं नव्हतं. ते द्यायला ठेवलं होतं.

त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्यानं मास्क वर केला. पंचविशीतला पोरगा. "खलास, अम्मा, खलास. नो प्रॉब्लेम," म्हणाला. घड्याळ घेतलं, खिशात टाकलं आणि त्यांना अलगद उचललं. आम्ही मागोमाग उतरलो. सगळे मजले हेल्गाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. खाली फुटपाथवर त्यांना बसवल्यावर त्यानं खिशातून घड्याळ काढलं आणि त्यांच्या मनगटावर बांधून दिलं. बांधून झाल्यावरही कितीतरी वेळ त्या मनगटाकडे बघत राहिल्या.

आग अर्ध्या तासात विझली. कुणाला काही झालं नाही. युर्गन रुवैसहून गाडी मारत आला, आणि आमच्या दारात उभा राहिला. मीच बोलले. म्हटलं, ईराला मी आता पाठवणार नाही. तो म्हणाला, बरोबर आहे. मी बरोबरच होते, आणि तरी ती सगळी रात्र मला स्वतःची लाज वाटत राहिली. एक बाई माझ्या मुलीसाठी तिला ठाऊक असलेल्या सगळ्या जगाविरुद्ध उभी राहिली होती, आणि तिच्या त्या राखणीत माझी मुलगी गुदमरून गेली असती. दोन्ही खरं होतं. ईरा महिनाभर माझ्याशी तुटक वागली. "शी वॉज सेव्हिंग मी," एवढंच म्हणे.

युर्गननं त्यांना परत जर्मनीला न्यायचं ठरवलं, त्याच्या मुलीच्या गावी, एका वृद्धाश्रमात. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे खाली लॉबीत उतरलो. हेल्गाबाई स्वेटर घालून, पिशवी धरून उभ्या. प्रत्येकाकडे त्यांनी नीट, डोळे भरून बघितलं. रफीकभाईकडे बघून म्हणाल्या, चपला मोजत जाऊ नकोस. मंदारकडे बघून हसल्या. माझे दोन्ही हात धरले आणि थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. ईरा माझ्या शेजारीच उभी होती, हातात त्यांच्यासाठी केलेलं कार्ड घेऊन. कार्ड त्यांनी घेतलं, पण लिफ्टच्या दाराकडे बघत. मग त्या टॅक्सीत बसल्या.

ईराचे डोळे भरले. "आई, शी डिडन्ट इव्हन लुक ॲट मी."

मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "नाहीच बघणार, बाळा. आम्ही बाकीचे शिपायांना सापडलो असतो तरी चाललं असतं त्यांना."

टॅक्सी गेटातून वळेपर्यंत हेल्गाबाई समोरच्या पार्किंगच्या भिंतीकडे बघत होत्या, आणि तिथे काहीही नव्हतं.